बैल पारखून घेतलेला जावई

हिरडटोल्यात माणूस पारखायची रीत एकच होती आणि ती फार सोपी होती. माणसाकडे बघायचंच नाही, त्याच्या बैलाची पाठ बघायची. पाठ गुळगुळीत असली तर धनी देवमाणूस, पाठीवर वळ असले तर धनी राक्षस. जंगलाला टेकलेलं तीस-चाळीस घरांचं गाव ते, अर्जुनीपासून पायी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. घरात गोंडी, चावडीवर झाडीबोली, आणि दोन्ही भाषांत या पारखीचा अभिमान सारखाच. स्वातंत्र्य येऊन चार वर्षं झाली होती, मालगुजारी गेली होती, दिल्लीहून नवे कायदे येत होते असं ऐकू येई. पण माणसाबद्दलचा शेवटचा निकाल हिरडटोल्यात अजून बैलच देत होता.

फुलवंता कुमरेचा नवरा याच रीतीनं निवडला गेला. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिचा बाप गोपीचंद, आई दुर्पता. घरी धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची चार खाचरं, चांद्या आणि कबऱ्या नावाची बैलजोडी, आणि मुलगा नाही. अशा घरात लमसेना आणतात. लमसेना म्हणजे लग्नाआधीच सासरी येऊन राहिलेला जावई. तीन पावसाळे त्यानं सासऱ्याच्या शेतात राबायचं, सगळ्यांनी त्याला पाहून घ्यायचं, आणि तो पसंत पडला तर चौथ्या वर्षी माघात लग्न. रीत वाईट नव्हती. उलट, एका दिवसाच्या पाहण्यात कांदेपोहे खाऊन पोरगी देणाऱ्या शहाण्यांपेक्षा शंभर पटींनी बरी. तीन वर्षांत माणूस किती कळायला हवा. फक्त पाहणाऱ्यांनी माणसाकडे पाहायला हवं.

गोपीचंद स्वतः याच घरात वीस वर्षांपूर्वी लमसेना म्हणून आलेला. त्यामुळे या विषयात आपल्याइतकं कळणारा माणूस सौंदडपर्यंत नाही, असं त्याला वाटे. बुधराम मडावी नावाचा अठरा वर्षांचा पोरगा पलीकडच्या गावातून आला, तेव्हा गोपीचंदनं त्याला ना नाव नीट विचारलं ना गोत. त्यानं नांगर त्याच्या हाती दिला आणि आपण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसला. बुधरामनं काठी घेतलीच नाही. नुसतं जिभेनं चक् चक् करत तो चालू लागला आणि बांधीचं टोक आलं की बैल आपसूक वळू लागले. चांद्या तर मधेच थांबून त्याचा हात चाटू लागला.

गोपीचंद धावतच घरी गेला. दुर्पता अंगणात तांदूळ पाखडत होती.

"पोरगा सोनं आहे," तो म्हणाला. "बैलाले बोट लावत नाई."

"अना मानसाले?" दुर्पतानं सुपावरून नजर न उचलता विचारलं.

गोपीचंद हसला. बायकोच्या प्रश्नाला हसलं की उत्तर दिल्यासारखं होतं, असा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता.

आता एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. फुलवंताला बुधराम आवडला. तिच्यावर कोणी लादला नव्हता. ती धुऱ्याआड उभी राहून ते चक् चक् ऐकत होती, आणि ज्या पोराचं म्हणणं बैल एवढं ऐकतात त्याचं आपणही ऐकावं, असं तिला वाटून गेलं. पंधराव्या वर्षी माणसाला असंच वाटतं. तिला विचारलं तेव्हा तिनं मान खाली घालून हो म्हटलं, आणि रात्रभर जागी राहून त्या होकाराचा आनंद घेतला.

पहिले चार महिने कौतुकातच गेले. बुधराम गोठ्याशेजारच्या पडवीत झोपे, फुलवंता आत आईजवळ. जेवताना दोघं एकमेकांकडे बघत नसत, आणि ते कसे बघत नाहीत हे सगळ्या गावाला दिसत असे. तो जंगलातून तिच्यासाठी सीताफळं आणी, रानभाजी आणी. तिचा आवाज मोठा गोड, तीन बांध्यांपलीकडे जाणारा. पाणी आणायला जाताना ती गाऊ लागली की बुधराम काम थांबवून ऐकत उभा राही. गोपीचंद म्हणे, "जोडी जमली." तो बैलांबद्दल बोलतो आहे की पोरांबद्दल, हे कळत नसे.

मग दिवाळीनंतरची मंडई आली. मंडईत सगळी गावं लोटतात, पानाचे ठेले, बांगड्यांची दुकानं, आणि रात्र झाली की नाचगाण्याची दंडार. त्या वर्षीच्या दंडारीत साडी नेसून नाचणारा एक गडी फारच इरसाल होता. त्यानं कंबर अशी काही मोडली की हजार माणसं पोट धरून हसली. फुलवंताही हसली. तिची मैत्रीण वच्छला तर हसता हसता पडली.

घरी येताना वच्छला दहा पावलं पुढे होती. मोहाच्या झाडाखाली बुधरामनं फुलवंताचं मनगट धरलं आणि पिळलं.

"कोनाकडं पाहून हासत होती?"

"सारेच हासत होते."

"मी नाई हासलो," तो म्हणाला, आणि त्यानं तिच्या कानाखाली मारली.

तिला दुखण्याआधी नवल वाटलं. हा तोच हात होता, ज्यात काठीसुद्धा कोणी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी बुधराम लाल रिबन घेऊन आला. गोठ्यामागे तिच्या पायाशी बसून एवढा रडला की शेवटी तीच त्याची समजूत घालू लागली. "मले तुयाबगर कोनी नाई," तो म्हणाला, "म्हनून तसं झालं." मार खाल्लेल्यानं मारणाऱ्याचे डोळे पुसायचे, ही प्रेमाची पहिली पायरी असते असं फुलवंताला कोणी शिकवलं नव्हतं. ती आपली आपणच चढली.

रिबन पाहून वच्छलाचा जीव जळला; तिचंही लग्न ठरलेलं होतं. फुलवंतानं तिला खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "माया त्यानं मले मारलंही नाई अना रिबनही नाई आनली. त्याचं ध्यानच नाई मायाकडं."

पुढच्या वर्षभरात फुलवंताकडे हिरवी, पिवळी आणि निळी रिबन जमा झाली. गावातल्या पोरींमध्ये एवढ्या रिबनी कोणाकडेच नव्हत्या, आणि बाया त्या मोजून म्हणत, पोरीचं नशीब फळफळलं. प्रत्येक रिबनीमागे काय आहे ते वेणीवरून दिसत नाही. ते पोलक्याखाली होतं.

कारण बुधराम मोठा हुशार. त्या पहिल्या थपडेनंतर तो तोंडावर कधी मारत नसे. पाठ आणि दंड, एवढीच त्याची बांधी, आणि ती तो नेमानं नांगरी. कारणं त्याला शोधावी लागत नसत. पाणी आणायला उशीर का झाला. जंगलाच्या नाकेदारानं पाणी मागितलं तर तूच का दिलंस. वच्छलाच्या कानात काय सांगत होतीस. गावात मात्र त्याच्यासारखा मवाळ कोणी नाही. म्हाताऱ्यांना वाट देई, लहान पोरांना खांद्यावर घेई, बैलांना तर दिवसातून दोनदा खाजवी. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते उगीच नव्हे. पण हिरडटोल्यात गोगलगायीचं पोट उलटवून बघायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात रोवणा सुरू झाला. बाया चिखलात वाकून रोपं लावतात आणि गाणं म्हणतात. एकीनं ओळ टाकायची, पलीकडच्या बांधीतल्या बायांनी ती उचलायची. फुलवंता ओळ टाकायची तेव्हा तीन बांध्या उचलायच्या. त्या वर्षी पलीकडून ओळ उचलणाऱ्यांत दोन पोरगे निघाले. त्या संध्याकाळनंतर फुलवंतानं गाणं सोडलं. उरलेला रोवणा तिनं मुक्यानं केला. बाया एकमेकींना कोपरानं ढोसून म्हणाल्या, "लाजून रायली पोट्टी. लगीन होनार ना."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण तोंड एकदा उघडून बघावं म्हणून फुलवंता आधी आईकडे गेली. दुर्पता चुलीपाशी होती. फुलवंतानं पाठ उघडी केली. आईनं पाहिलं, तेल गरम केलं, आणि पाठीला लावलं.

"पयलं पोरगं झालं का थांबते," ती शेवटी म्हणाली.

"अना नाई थांबलं त?"

"थांबते," दुर्पता म्हणाली आणि तेलाची वाटी उचलून आत गेली.

बापाकडे गेली तर बाप बैलांना कुटार घालत होता. त्यानं पोरीचं सगळं ऐकून घेतलं. गोपीचंद वाईट माणूस नव्हता. ऐकून झाल्यावर त्यानं चांद्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोच पुरावा म्हणून तिच्यापुढे ठेवला. "हे पाय. दुसरं वरस चाललं, एक वळ नाई. जो जनावराले हात लावत नाई, तो तुले कायले लावल? तूच काई उलटं बोलली असशील."

चांद्या रवंथ करत उभा होता. त्याला विरुद्ध बाजूनं काही विचारायची सोय नव्हती.

मग ती श्यामलाल मुकद्दमाकडे गेली. तो गावच्या पंचांचा मुख्य, सत्तरीचा, साऱ्या गावाचा आजा. तिनं दंडावरचं काळं-निळं दाखवलं. मुकद्दमानं तोऱ्यानं चष्मा लावला. तो चष्मा कोणी शेठ अर्जुनीच्या बाजारात विसरून गेलेला. त्यातून आजाला कितपत दिसे देव जाणे.

"धुऱ्यावर पडली असशील," तो म्हणाला.

"तीन डाव एकाच जागी पडली का, आजा?"

"रोवन्यात घसरतेच मानूस." मग पोरीचे डोळे भरलेले पाहून त्याला दया आली आणि त्यानं तिला जवळ बसवून नीट समजावलं. "हे पाय बाई, लमसेन्याले घरातून काढाले तीनच कारनं. धान चोरलं, पेरनीच्या वक्ती दारू पिऊन पडला, नाईतर जनावर मारलं. काऊन, त बैल गोपीचंदाचा आहे. दुसऱ्याच्या मालाले हात लावाचा नाई. तू त माघात त्याचीच होनार. आपलं आपुन कोनी बिघडवते का?"

पोरीनं नको म्हटलं तरी लग्न मोडता येतं, असं गावात सगळेच छातीठोक सांगत. फक्त कारण विचारत, आणि ते कारण वरच्या तिघांत बसावं लागे.

राहिला शिकलेला माणूस. तोही गावात नुकताच आला होता. ईश्वरदास गुरुजी, सौंदडकडचे, एका झोपडीत अकरा पोरांची शाळा घेत आणि आठवड्याचं शिळं वर्तमानपत्र ताजं समजून वाचत. फुलवंता धीर करून शाळेच्या दारात उभी राहिली. गुरुजींनी सगळं ऐकलं आणि खेदानं मान हलवली.

"लग्नाआधी एका घरात राहण्याची ही तुमची पद्धतच चुकीची," ते म्हणाले. "आमच्यात असं लग्नाआधी होत नाही."

"मंग कवा होते, गुरुजी?" फुलवंतानं विचारलं. तिला खरंच माहिती हवी होती.

गुरुजी खडू शोधू लागले. खडू त्यांच्या हातातच होता.

असा तिसरा पावसाळा उजाडला. फुलवंता सतराची झाली, बुधराम वीसचा. माघाला सात महिने उरले. माघात लग्न लागलं की मग पंच नाही, आजा नाही, कोणी नाही; आपलं आपण बिघडवायला बुधराम मोकळा. आणि माघाआधी त्यानं धान चोरलं नाही, दारू प्यायली नाही. एवढा निर्व्यसनी लमसेना गावानं पाहिला नव्हता. फुलवंताला कधी कधी वाटे, हा दारू पीत असता तर किती बरं झालं असतं. देवाकडे असं मागणं मागणारी ती पंचक्रोशीतली एकटीच असावी.

श्रावणात एका दुपारी त्यानं तिला गोठ्यात मारलं. कारण वच्छलाच्या भावानं तिला हाक मारली होती आणि तिनं ओ दिली होती. मारून झाल्यावर तो धापा टाकत उभा राहिला. मग चांद्याजवळ गेला आणि त्याच हातानं त्याची मान खाजवू लागला. "भेला का रे?" तो बैलाला म्हणाला. चांद्यानं डोळे मिटून मान लांब केली.

फुलवंता शेणात बसून ते पाहत होती. तिला पहिल्यांदाच चांद्याचा राग आला. वासरू होता तेव्हापासून तिनं त्याला पेज पाजली होती, आणि आज तो तिच्याविरुद्ध साक्ष देत उभा होता. बोलत नव्हता, म्हणूनच त्याचं सगळे ऐकत होते. तिनं त्याच्या पांढऱ्याशुभ्र पाठीकडे पाहिलं. पोळा बारा दिवसांवर आला होता.

पोळा सगळीकडेच असतो, पण हिरडटोल्याच्या पोळ्यात एक जादा रिवाज होता. तोरणाखाली बैल उभे राहिले की मुकद्दम एकेका जोडीपाशी जाई, झूल उचली, पाठीवरून तळहात फिरवी आणि मोठ्यानं सांगे, "साफ." मग पुढची जोडी. ज्या घरी लमसेना असेल त्या घरच्या बैलांपाशी तो जास्त वेळ थांबे, कारण ती लमसेन्याची परीक्षा. बुधराम दोन्ही वर्षं अव्वल नंबरानं पास झाला होता. हे तिसरं आणि शेवटचं वर्ष.

आदल्या दिवशी बुधरामनं बैल तलावावर नेऊन घासले, संध्याकाळी खांद्यांना हळद आणि तूप चोळलं. पोळ्याच्या सकाळी तो दारांवर लावायला पळसाच्या डहाळ्या आणायला जंगलात गेला. गोपीचंद मुकद्दमाकडे तोरण बांधायला गेला. दुर्पता आत वडे तळत होती. फुलवंता गोठ्यात गेली आणि छपरात खोचलेली बांबूची काठी तिनं ओढून काढली. तीन वर्षं कोणी वापरली नव्हती, म्हणून ती फाटून तिचे काट्यांसारखे टोकदार कूस निघाले होते.

पहिला फटका तिला नीट जमलाच नाही. चांद्यानं कातडं थरथरवलं आणि मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याला कधी कोणी मारलंच नव्हतं. हे काय आहे तेच त्याला कळलं नाही. तो दूर व्हायच्याऐवजी तिच्या जवळ सरकला. फुलवंताला त्या क्षणी काठी टाकून पळून जावंसं वाटलं. आपण करतो आहोत ते पाप आहे हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि गावात दुसरं काही चालत नाही हेही तितकंच स्वच्छ कळत होतं. तिनं दोन्ही हातांनी काठी धरली आणि आणखी तीन मारले. हे तिन्ही बरोबर बसले. मग चांद्याच्या गळ्यात पडून ती रडली, आणि रडताना तिच्या ध्यानात आलं की बुधरामही असाच रडतो. या विचारानं तिचे डोळे एकदम कोरडे झाले.

तिनं दोन्ही बैलांच्या पाठीवर झुली घातल्या, शिंगं रंगवली, बेगड लावली. बुधराम डहाळ्या घेऊन परतला तो बैल सजून उभे.

"तूनं सजवले?" तो म्हणाला. त्याला फार बरं वाटलं. पोरगी ताळ्यावर आली असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं खिशातून जांभळी रिबन काढून तिला दिली. या वेळी तर न मारताच दिली.

दुपारी सारा गाव तोरणाखाली जमला. डफडी वाजत होती. मुकद्दम चष्मा लावून एकेक जोडी पाहत येत होता. "साफ. साफ." गोपीचंदच्या जोडीपाशी तो थांबला, बुधरामच्या पाठीवर थाप मारली, गावाकडे वळून म्हणाला, "याच्या बैलाचं काय पाहाचं?" लोक हसले. फुलवंता टाचा उंचावून पाहू लागली. आता हा न पाहताच पुढे जातो की काय. पण रीत ती रीत. मुकद्दमानं चांद्याची झूल उचलली, तळहात ठेवला, आणि चांद्या थरारून बाजूला झाला.

पांढऱ्या पाठीवर तीन वळ सुजून आले होते. शेठनं विसरलेल्या चष्म्यातूनसुद्धा ते दिसले. डफडी थांबली.

"मी नाई मारलो," बुधराम म्हणाला.

अनुसयाबाई नावाची एक म्हातारी पुढेच उभी होती. तिला बुधरामचा लळा. "बैल पडला असल बाप्पा कुठी," ती म्हणाली.

"पडल्यानं असे तीन वळ येतेत का?" मुकद्दम कडाडला. "एकाच जागी?"

फुलवंता ते ऐकत उभी होती. आजाला हा हिशेब येतो तर, तिच्या मनात आलं.

"मी नाई मारलो, मामा," बुधराम गोपीचंदकडे वळून म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं. तीन वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं एवढं खरं वाक्य दुसरं नसेल. मग त्याची नजर गर्दीतून फिरत फिरत फुलवंतावर येऊन थांबली, आणि त्याला सगळं कळलं. "इनं मारलं," तो बोट दाखवून म्हणाला. "फुलवंतानं मारलं."

लोक हसले. आधी बारीक, मग मोठ्यानं.

"आपल्या बापाचा बैल पोरगी कायले मारल?" मुकद्दमानं विचारलं. "सांग. कायले मारल?"

सारा गाव उत्तराची वाट पाहत होता. बुधरामपाशी उत्तर होतं. गावात ते उत्तर अचूक ठाऊक असलेला फुलवंता सोडून तो एकच माणूस होता. त्यानं तोंड उघडलं. फुलवंता त्याच्याकडे टक लावून पाहत होती. तीन वर्षांत तिनं त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. सांग, ती मनात म्हणत होती, एकदा तुझ्या तोंडानं सांग. बुधरामनं तोंड मिटलं.

"मुका जीव लबाड बोलत नाई," मुकद्दम म्हणाला.

मग पंचांना जागेवर बसायलासुद्धा लागलं नाही. उभ्या उभ्याच निकाल झाला. ज्या गावानं दोन वर्षं एका पोरीचं अंग पाहून न पाहिल्यासारखं केलं, त्या गावानं बैलाचे तीन वळ पाहून लमसेन्याला घटकाभरात बाहेर काढलं. कोणी थुंकलं, कोणी म्हणालं, आपल्याला आधीपासूनच संशय होता. अनुसयाबाई तर म्हणाली, त्याचे डोळेच तसे होते. बुधरामनं पडवीतून कांबळं आणि कुऱ्हाड उचलली आणि तोरण तुटायच्या आत तो शिवेबाहेर गेला. तीन पावसाळ्यांचं राबणं वाया गेलं. ईश्वरदास गुरुजींनी पोरांना जमवून भूतदयेवर चार शब्द सांगितले.

गोपीचंद चांद्याच्या गळ्यात हात टाकून ओक्साबोक्शी रडला. "माया घरात राहून असं केलं," तो परत परत म्हणत होता. "कसा मारवला त्याले. मुक्या जीवाले कसा मारवला." बायांनी पदर डोळ्यांना लावले. फुलवंतानं बापाला एवढं रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. आपली सुटका झाली, आता आनंद व्हायला हवा, असं ती स्वतःला सांगत होती, पण आधी संताप आला आणि तो बराच वेळ गेला नाही.

दिवस मावळता मावळता ती गोठ्यात चांद्याच्या पाठीला हळदीचं तेल लावत बसली. चांद्या आता तिच्या हाताला भीत होता. ती बोटं टेकवायची, तो अंग चोरायचा. तिनं त्याची क्षमा मागितली, गोंडीत आणि झाडीबोलीत, दोन्ही भाषांत.

दुर्पता दिवा घेऊन आली. बाजूला बसली, आणि तेल लावणारा पोरीचा हात धरून तिनं दिव्याजवळ नेला. तळहातात बांबूचे चार-पाच कूस रुतलेले होते, आजूबाजूला कातडं लाल झालेलं. फुलवंतानं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. आईनं सोडला नाही. पदराला टोचलेली सुई काढून ती एकेक कूस काढू लागली.

"माय, बाले सांगू नोको," फुलवंता म्हणाली.

दुर्पता काम करत राहिली. शेवटचा कूस निघाल्यावर तिनं तळहातावर तेलाचा थेंब सोडला आणि आपल्या अंगठ्यानं जिरवला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"माया वक्ती, तुया बा लमसेना होता तवा, घरी बैलच नोयते, बाई," ती म्हणाली.

मग ती दिवा उचलून उठली आणि गोपीचंदला जेवायला वाढायला गेली.